सही कोणाची?

स्काउटिंगमधल्या मोठ्या माणसांची बैठक कुठलीही असो, पहिला अर्धा तास जमाखर्चात, फाटलेल्या तंबूंत आणि शिबिराच्या तारखांत जातो. मग कुणीतरी घसा खाकरून म्हणतं, "एक विचारू का? त्या अमक्या पोराला प्रथम श्रेणी मिळालीय म्हणे. साधी बोलाईनची गाठ बांधता येत नाही त्याला." झालं! पेंगणारे ताठ होतात, निघायच्या बेतात असलेले पुन्हा टेकतात आणि खरी बैठक तिथून सुरू होते.

या वादात दोन पक्ष असतात आणि कोण कुठल्या बाजूने बोलणार हे तोंड उघडायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक असतं. एक पक्ष कडकांचा. त्यांच्या मते हल्ली श्रेण्या, म्हणजे स्काउटने चढायच्या पायऱ्या, खिरापतीसारख्या वाटल्या जातात, आमच्या वेळी दोन काड्यांत चूल पेटवल्याशिवाय कुणी पुढे सरकत नव्हतं. दुसरा पक्ष मवाळांचा. त्यांचं म्हणणं, पोरं शाळा, शिकवण्या आणि परीक्षांनी आधीच पिचलेली, इथे हौसेने येतात, तर इथेही त्यांना नापास कशाला करायचं? दोन्ही बाजूंची माणसं मनापासून बोलतात. दोघांनीही आपल्या सुट्ट्या या पोरांवर घातलेल्या आहेत, त्यामुळे कुणाच्या हेतूवर शंका घेण्यात अर्थ नसतो.

बरीच वर्षं हे ऐकून माझं एक मत झालं आहे. अट कडक असावी की सैल, यावर आपण रात्र जागवतो, पण अट आपल्या हातात नसतेच. ती पुस्तकात छापलेली असते. आपल्या हातात असतं ते पेन. अटीच्या पुढे एक रिकामी रेघ असते, तिच्यावर सही कोणी करायची एवढाच प्रश्न पथकाकडे उरतो. आणि नेमका तोच कुणी विचारत नाही, कारण सही मोठ्यांनीच करायची हे सगळ्यांनी धरून चाललेलं असतं.

'आमच्या वेळी' म्हणणाऱ्यांसाठी जुनी यादी काढून बघण्यासारखी आहे. स्काउटिंगचे संस्थापक बेडन पॉवेल यांचं 'स्काउटिंग फॉर बॉइज' १९०८ साली पाक्षिक भागांत, सहा हप्त्यांनी बाहेर पडलं. सुरुवातीच्या आवृत्त्यांत द्वितीय श्रेणीसाठी मागितलेल्या गोष्टी अशा: दोनपेक्षा जास्त काड्या न वापरता आग पेटवून दाखवायची. पाव पौंड मांस आणि दोन बटाटे भांड्यांशिवाय शिजवायचे. एक मैल 'स्काउट चालीने', म्हणजे काही पावलं चालत, काही पावलं पळत, बारा मिनिटांत कापायचा. होकायंत्रावरच्या सोळा मुख्य दिशा सांगायच्या. बचत बँकेत निदान सहा पेन्स जमा असल्याचं दाखवायचं. प्रथम श्रेणीला पन्नास यार्ड पोहणं आलं, बँकेतली शिल्लक एक शिलिंग झाली, सात मैलांवरच्या ठिकाणी पायी किंवा होडीने जाऊन परत यायचं आणि त्या प्रवासाचा छोटासा वृत्तान्त लिहायचा असं ठरलं. आणि याच यादीत आणखी एक अट होती: स्वतः शिकवून तयार केलेला एक नवशिका बरोबर घेऊन यायचं.

ही यादी नीट वाचली की लक्षात येतं, यातल्या बहुतेक अटींना परीक्षक जवळजवळ लागतच नाही. आग पेटते किंवा पेटत नाही. मैल बारा मिनिटांत होतो किंवा होत नाही. बटाटा कच्चा राहिला तर तो खाणाऱ्यालाच कळतं. शेवटची नवशिक्याची अट मात्र वेगळी आहे आणि माझी सर्वांत आवडती आहे. पुढे शंभर वर्षांत 'नेतृत्व विकास' या नावाखाली जे तक्ते, खेळ आणि कार्यशाळा निघाल्या, त्यांचं निम्मं काम त्या एका ओळीत होतं. मुलाने दुसऱ्या मुलाला शिकवायचं, आणि शिकवलेलं खरं आहे की नाही हे त्या दुसऱ्या मुलाकडे बघून ठरायचं.

कडकांना न रुचणारी गोष्ट पुढची आहे. १९१९ मध्ये स्काउटरांसाठी, म्हणजे पथक चालवणाऱ्या मोठ्यांसाठी, लिहिलेल्या पुस्तकात बेडन पॉवेल यांनी पदकांचं माप काय असावं ते सांगून ठेवलंय. काम कितपत सुबक झालं हे शाळेत बघतात. इथे बघायचं ते त्या मुलाने स्वतः किती प्रयत्न केला. बैठकीत हे वाक्य मांडलं की कडक पक्ष खवळतो. "मग काय, नुसता घाम गाळला की पदक?" माझ्या मते प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक मेख आहे. गाठ सुबक आहे का, हे कुणीही परका माणूस येऊन दोन मिनिटांत सांगेल. या मुलाने किती प्रयत्न केला, हे सांगायला तो मुलगा कुठून निघाला होता ते माहीत हवं. म्हणजे बेडन पॉवेलनी परीक्षा सोपी केली असं वाटतं, प्रत्यक्षात त्यांनी परीक्षकाचं काम अवघड करून ठेवलंय.

अमेरिकेतल्या टेंडरफूट या सुरुवातीच्या श्रेणीत याचं एक सुरेख उदाहरण अजूनही टिकून आहे. तिथे मुलाने आधी आपले पुश-अप्स, सिट-अप्स, धावण्याची वेळ वगैरे नोंदवायची, मग तीस दिवस सराव करायचा आणि पुन्हा मोजायचं. अट काय, तर सुधारणा दिसली पाहिजे, कितीही छोटी असली तरी. ठरलेला आकडा गाठायचा नाही. ज्याला आधी दोनच जमत होते त्याने तीन केले तरी सही. ज्याला आधीच चाळीस जमत होते आणि महिनाभर जो गादीवर लोळला, त्याला मात्र अडचण. धडधाकट पोरांच्या आईवडिलांना ही अट अन्यायाची वाटते, हे मी स्वतः ऐकलंय.

पण प्रयत्नाचं माप सगळीकडे चालत नाही, हेही बोललं पाहिजे, कारण मवाळ पक्ष इथे गफलत करतो. पोहण्याला ते लावून चालणार नाही. बुडणाऱ्या मुलाने खूप प्रयत्न केला याचा पाण्याला काही फरक पडत नाही. तीच गोष्ट कुऱ्हाडीची, आणि तीच प्रथमोपचाराची: रक्त थांबलं पाहिजे, पट्टी कशी गुंडाळली ते नंतर बघू. जिथे चुकल्यावर दुसऱ्याच्या किंवा स्वतःच्या जिवाशी गाठ आहे तिथे माप कामाचंच हवं, आणि सही त्या विषयातल्या जाणत्या मोठ्या माणसाचीच हवी. एवढा भाग बाजूला ठेवला की उरलेल्या अटींबद्दल बोलता येतं, आणि उरलेल्या अटी पुष्कळ आहेत.

देशोदेशी श्रेण्यांची नावं आणि संख्या वेगळी. अमेरिकेत स्काउटपासून टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ करत ईगलपर्यंत सात पायऱ्या आहेत. भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये प्रवेशापासून प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. शिडी वेगळी असली तरी भांडण सगळीकडे एकच. अमेरिकेच्या स्काउट संघटनेने या भांडणावर एक स्पष्ट नियम करून ठेवलाय: कुठल्याही शाखेला, समितीला, पथकाला वा व्यक्तीला अटींत भर घालायचा किंवा काटछाट करायचा अधिकार नाही. हे एक वाक्य दोन्ही पक्षांची तोंडं बंद करायला पुरेसं आहे, म्हणूनच बहुधा ते कुणी मोठ्याने वाचत नाही. कडक माणूस 'दहा सेकंदांत बांध' अशी आपल्या पदरची अट घालतो तेव्हा तो भर घालत असतो. मवाळ माणूस 'तुला येतं हे मला माहितीय रे' म्हणून न बघताच सही करतो तेव्हा तो काटछाट करत असतो. दोघेही आपलं मत पोराच्या वहीत लिहीत असतात.

वरून अटीच बदलल्या तर काय होतं, याचाही धडा आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत संघटनेनेच अख्खा कार्यक्रम बदलला. शहरातल्या मुलांना जंगल, तंबू, चूल हे सगळं परकं वाटतं, सदस्य कमी होताहेत, तेव्हा काळाप्रमाणे चालू या, असा विचार होता. कौटुंबिक अर्थव्यवहार, व्यसनांचे धोके, लहान मुलांची देखभाल असे विषय आले. ते वाईट होते असं नाही, पण त्यांना जागा करून देताना रानातली कौशल्यं इतकी मागे सरली की एकही रात्र बाहेर न काढता, पदभ्रमण न करता, चुलीवर काही न शिजवता प्रथम श्रेणी मिळवता येऊ लागली. ईगलसाठी लागणारे मेरिट बॅज, म्हणजे एकेका विषयातली पदकं, मात्र २१ वरून २४ केले. म्हणजे शिडीच्या खालच्या पायऱ्या मऊ केल्या आणि वर तीन जास्त ठोकल्या! दोन्ही पक्षांना एकाच वेळी खूश करायचा हा प्रकार मला फार ओळखीचा वाटतो. मुलं टिकली नाहीतच. काही वर्षांनी बॅजची संख्या पुन्हा २१ झाली.

त्या पडझडीतून सावरायला ज्यांना बोलावलं ते विल्यम हिलकोर्ट तेव्हा निवृत्त होते. १९०० साली डेन्मार्कमध्ये जन्मलेला हा माणूस तरुणपणी अमेरिकेत आला, स्काउटिंगमध्ये रमला आणि मुलांच्या मासिकात वर्षानुवर्षं सदर लिहीत राहिला. निवृत्ती सोडून ते परतले आणि १९७९ मध्ये आलेलं नवं हँडबुक त्यांनी लिहून दिलं. चूल, तंबू, पायवाटा सगळं त्यात परत आलं. पण मला त्यांची जी गोष्ट सांगायचीय ती वेगळी आहे. ते सदराखाली 'ग्रीन बार बिल' म्हणून सही करायचे. दोन हिरव्या पट्ट्या ही तिथे संघनायकाची (पथकातल्या एका छोट्या गटाच्या नायकाची) खूण. स्काउटर, प्रशिक्षक, लेखक, संघटनेतला बडा अधिकारी, अशा कितीतरी पदव्या लावता आल्या असत्या. त्यांनी आयुष्यभर मिरवली ती आठ पोरांच्या म्होरक्याची.

संघनायकाची ही किंमत सुरुवातीपासूनच आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात माफेकिंग शहराला २१७ दिवस वेढा पडला होता तेव्हा तिथल्या पोरांचं एक कॅडेट पथक निरोप पोचवायचं, टेहळणीला उभं राहायचं. वॉर्नर गुडइयर नावाचा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा त्यांचा म्होरक्या होता. जबाबदारी खरी असली की पोरं ती पेलतात, हे बेडन पॉवेलनी तिथे पाहिलं. मग ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं जे पहिलं शिबिर भरलं, त्यात मुलांचे चार संघ पाडले: लांडगे, बैल, कर्ल्यू (एक पाणपक्षी) आणि डोमकावळे. श्रीमंत शाळांतली मुलं आणि कष्टकरी घरांतली मुलं एकाच संघात, आणि संघाचा कारभार संघनायकाकडे. पुढे रोलंड फिलिप्स या तरुण आयुक्ताने संघपद्धतीवर पुस्तक लिहिलं. स्काउटिंग चालवायच्या अनेक पद्धतींपैकी ही एक आहे असं समजू नका, ही एकच पद्धत आहे, असा त्याचा आग्रह होता. जुलै १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत तो मारला गेला, वय सव्वीस. लंडनमधलं आपलं घर तो स्काउटांसाठी ठेवून गेला होता.

आता एका शिबिरातली गोष्ट सांगतो. तिन्हीसांजेची वेळ, जमीन ओली. एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा हातात दोर घेऊन आपल्या संघनायिकेसमोर उभा. ती चौदाची असेल. अट अशी: बोलाईन, म्हणजे न आवळणाऱ्या फासाची गाठ, बांधून दाखव आणि तिचे उपयोग सांग. मी आणि एक ज्येष्ठ स्काउटर सर थोड्या अंतरावर शेकोटीची लाकडं रचत होतो. मुलाने सशाची गोष्ट पुटपुटत गाठ बांधली: बिळातून ससा वर, झाडामागून वळसा, पुन्हा बिळात. गाठ बरी दिसत होती. "उपयोग?" "जीव वाचवायला," पोपटासारखं उत्तर. सर माझ्या कानाशी म्हणाले, "झालं, आता ही सही करणार." ती काही बोलली नाही. बाजूच्या उतारावरून खाली घसरली, चिखलात बसली आणि वर बघून म्हणाली, "मी पडलेय. माझा उजवा हात मोडलाय. वाचव."

पोरगा गोंधळला. आधी त्याने दोर स्वतःच्या कमरेला बांधला. मग त्याच्या लक्षात आलं की यात तिचं काहीच भलं नाही. सोडला. मोठा फास करून खाली टाकला. तिने तो डाव्या हाताने डोक्यावरून काखेत घेतला आणि अंग टाकलं, तसा दोर सर्रकन आवळला. ससा झाडाच्या उलट बाजूने गेला होता. "हा गळफास झाला," ती शांतपणे म्हणाली, दोर काढून त्याच्याकडे फेकला आणि वर चढून आली. "उद्या." बस्स एवढंच. रागावणं नाही, समजूत काढणं नाही. सर चुळबुळ करत होते, दोर हातात घेऊन त्याला एकदा दाखवावं म्हणून त्यांचे हात शिवशिवत होते. माझेही. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायच्या आधी तो मुलगा तंबूच्या खांबाला, पाण्याच्या पिंपाला, झोपलेल्या मित्राच्या पायाला बोलाईन बांधत हिंडत होता. दुपारी ती पुन्हा खाली घसरली, अंग टाकलं, फास जागचा हलला नाही. तिने तिथेच, चिखलाच्या हाताने सही केली.

तिने अटीत काही वाढवलं नाही. 'उपयोग सांग' ही अट पुस्तकातलीच, तिने ती खरी करून विचारली. कमीही काही केलं नाही. आणि तिला हे जमलं, कारण हा मुलगा पाठ करून वेळ मारून नेतो हे तिला माहीत होतं; रोज त्याच्याबरोबर ती लाकडं वेचत होती. कडक सरांना ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. प्रयत्नाचं माप घ्यायचं असेल तर ते संघातच घेता येतं, असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

मग मोठ्यांना काय शिकवायचं? माझ्या मते हात मागे बांधून उभं राहायला. याचं शिक्षण खरोखरच दिलं जातं, आणि त्याचा उगम लंडनच्या सीमेवरच्या गिलवेल पार्कमध्ये आहे. मॅक्लॅरन नावाच्या स्कॉटलंडमधल्या एका स्काउट आयुक्ताने पूर्व लंडनमधल्या गरीब मुलांना तंबू ठोकायला जागा मिळावी म्हणून १९१९ मध्ये ती जमीन घेण्यासाठी पैसे दिले. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला तिथे स्काउटरांचा पहिला वुड बॅज वर्ग सुरू झाला. एकोणीस जण होते. शेवटी त्यांना लाकडाचे मणी मिळाले. आज जगभर हा वर्ग पुरा केलेली माणसं चामड्याच्या वादीत ओवलेले तसे दोन मणी गळ्यात घालतात, प्रशिक्षकांचे तीन, वर्गप्रमुखांचे चार. स्कार्फच्या टोकाला मॅक्लॅरन घराण्याच्या चौकटीच्या कापडाचा तुकडा शिवलेला असतो.

या वर्गातली युक्ती अशी की मोठ्या माणसांनाच संघांत वाटतात. प्राण्या-पक्ष्यांची नावं देतात, आणि संघनायक रोज बदलतो. आमच्या संघात पहिल्या दिवशी नायकपद आलं सर्वांत तरुण सभासदाकडे. तो तंबूची जागा दाखवतोय, आणि भोवती चार अनुभवी मंडळी चार दिशांना मेखा ठोकताहेत. एकाचं म्हणणं वारा पश्चिमेचा, दुसऱ्याचं म्हणणं उतार बघा, तिसऱ्याने तर न विचारता दोर ताणायला घेतला. प्रशिक्षक लांब उभे. हात पाठीमागे. अंधार पडला, तंबूचा एक कोपरा खाली लोंबतोय, तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तेव्हा आम्हाला त्यांचा राग आला होता. आपण सगळ्यांनी मिळून एका नायकाला कसं निकामी केलं, हे ज्याचं त्याला रात्री उमगलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी नवा नायक बोलायला लागला तेव्हा सगळे गप्प होते.

मधल्या काळात या प्रशिक्षणाचा रोखही बदलला. पूर्वी वुड बॅज म्हणजे मुख्यतः दोर, नकाशा, चूल आणि संघपद्धती. बेला बानाथी नावाच्या हंगेरियन स्काउटरने अमेरिकेत पन्नाशीच्या दशकात 'व्हाइट स्टॅग' हा मुलांच्या नेतृत्व प्रशिक्षणाचा उपक्रम उभा केला, त्यातली नेतृत्वाची कौशल्यं सत्तरीत वुड बॅजमध्ये आली. जुन्या मंडळींना अजूनही हे खटकतं: कंपनीतल्या व्यवस्थापकांचा वर्ग आणि हा, यात फरक काय राहिला? मला त्यांचं अर्धं पटतं. तक्ते जरा जास्तच झालेत. पण तंबूचा लोंबणारा कोपरा कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त शिकवतो, आणि तो अजून शाबूत आहे.

अमेरिकेत वर्ग संपला की लगेच मणी मिळत नाहीत. प्रत्येकाने आपल्या पथकासाठी पाच उद्दिष्टं लिहून द्यायची आणि अठरा महिन्यांत पुरी करायची. एक सल्लागार ती तपासतो आणि सही करतो. म्हणजे मोठ्यांनाही अटी आल्या, रिकाम्या रेघा आल्या. आणि मग मजा सुरू होते! इतर वेळी पोरांची गाठ सेकंद मोजून बघणारा माणूस सल्लागाराला फोन करून म्हणतो, "अहो, ते मागच्या वर्षीचं झाडं लावायचं काम यात धरता येईल का?" मुदत वाढवून मागणाऱ्यांत कडक पक्षाचे लोक कमी नसतात. हे मी कुणाची फजिती म्हणून सांगत नाही. आपली वही दुसऱ्याच्या हातात दिली की कसं वाटतं, हे प्रत्येक परीक्षकाने अधूनमधून अनुभवायलाच हवं.

मण्यांची कथा निघालीच आहे तर परंपरांबद्दलही. पहिले मणी बेडन पॉवेलकडच्या एका लांब माळेतले, ती माळ झुलू राजा डिनुझुलूची, असं सांगतात. १८८८ च्या मोहिमेत ती त्यांच्या हाती आली. कशी आली, याच्या मात्र वेगवेगळ्या कथा आहेत. राजाने प्रेमाने भेट दिली, ही त्यातली सर्वांत गोड आणि सर्वांत कमी पटणारी. ज्याच्यावर फौज चालून गेलीय तो राजा भेटी वाटत नसतो. स्काउट डाव्या हाताने हस्तांदोलन करतात, त्याचंही तसंच. पश्चिम आफ्रिकेतल्या अशांती जमातीचे योद्धे ढाल ज्या हातात धरतात तो हात विश्वासाने पुढे करायचे, म्हणून डावा, ही गोष्ट शेकोटीभोवती शोभते. मी ती सांगतो, पण 'असं म्हणतात' जोडून सांगतो, आणि मोठ्या मुलांना त्यामागचं साम्राज्यही सांगतो. पोरांना ते झेपतं. उलट त्यांना आवडतं, कारण मग ती प्रश्न विचारायला लागतात.

ज्या परंपरा मला नकोत त्या वेगळ्याच. हरवलेली वस्तू परत हवी तर सगळ्यांसमोर गाणं म्हण. नवीन पोराला रात्री नसलेल्या पक्ष्याच्या शिकारीला पाठव. 'आम्हीही केलंय, त्यात काय एवढं' हेच त्यांचं एकमेव समर्थन असतं. लाजाळू मुलगा त्यानंतर आपली हरवलेली पाण्याची बाटली मागतच नाही. या बाबतीत मी कडक पक्षात आहे: बंद म्हणजे बंद.

आमच्या पथकात आता पेनांची वाटणी झालीय. पोहणं, कुऱ्हाड-सुरी आणि प्रथमोपचार मोठ्यांकडे. बाकीच्या अटींवर संघनायकांच्या सह्या. ज्येष्ठ सरांनी तेव्हाच बजावलं होतं, "दोस्तीखात्यात सह्या होतील." आणि झाल्या. एका मुलाच्या वहीत एका संध्याकाळी अख्खं पान भरलं, सगळ्या सह्या एकाच हाताच्या, एकाच शाईच्या. सरांनी ती वही बैठकीत टेबलावर ठेवली, आणि काही न बोलता चश्मा पुसत बसले.

ती वही आम्ही कोर्ट ऑफ ऑनरकडे पाठवली, म्हणजे संघनायकांच्या स्वतःच्या सभेकडे. मोठ्यांपैकी मी एकटा कोपऱ्यात, बोलायचं नाही या अटीवर. मला वाटलं होतं की सह्या खोडतील, किंवा पांघरूण घालतील. सही करणाराही तिथेच बसला होता, मान खाली घालून. बरीच कुजबुज झाली, एकाने पान फाडावं असंही सुचवलं. मग त्या चिखलवाल्या मुलीने विचारलं की पुढच्या आठवड्यात नवीन पोरांना गाठी आणि होकायंत्र कोण शिकवतंय. कुणीच नव्हतं. "मग ज्याच्या वहीत सही आहे त्याला येतच असणार," ती म्हणाली, आणि काम त्या मुलाला गेलं. सह्या तशाच राहिल्या. तो आठवडा त्याने आणि त्याच्या मित्राने कसा काढला असेल याची कल्पना मी करू शकतो. दोघं रोज संध्याकाळी मैदानात दोर घेऊन दिसत. नवी पोरं प्रश्न फार विचारतात.

सरांना हा तोडगा इतका पटला, की श्रेणी मागणाऱ्या प्रत्येकाने आधी एका नवशिक्याला तयार करून आणावं, असा नियमच करू या, असा प्रस्ताव त्यांनी पुढच्या बैठकीसाठी लेखी दिलाय. खाली १९०८ च्या यादीचा हवाला आहे, तो त्यांना मीच दिला होता. अटींत भर घालायची नाही एवढ्या एका मुद्द्यावर मी विरोधात बोलणार आहे. मत द्यायची वेळ आली तर कुणीकडे हात वर करीन ते अजून ठरत नाहीये.